परिरक्षकांचा हिशेब मुंबईत कोण मांडणार?

'पॅराबेन-मुक्त' हे शब्द हल्ली क्रीमच्या डबीवर किमतीपेक्षा ठळक छापलेले असतात. दादरच्या रानडे रोडवरचे छोटे दुकान असो, क्रॉफर्ड मार्केटातला घाऊक विक्रेता असो की मॉलमधले चकचकीत दालन, गिऱ्हाईक डबी उलटून पाहते ते याच शब्दांसाठी, आणि विक्रेत्यालाही त्याची इतकी सवय झाली आहे की कोणी विचारण्याआधीच तो सांगून टाकतो, "ताई, यात केमिकल नाही." केमिकल नाही म्हणजे नेमके काय नाही, हे त्याला विचारण्यात अर्थ नाही. पण ज्यांनी त्याचे उत्तर द्यायला हवे, त्या उत्पादकांनी आणि प्रशासनाने या शब्दांच्या आड राहावे, हे बरे नव्हे. प्रसाधनांतील परिरक्षके, म्हणजे माल नासू न देणारी, रोजच्या बोलण्यातली प्रिझर्व्हेटिव्ह (पॅराबेन हा त्यांतलाच एक गट), सुरक्षित आहेत की घातक, याचा निवाडा आपण पदार्थाच्या नावावरून करू लागलो आहोत. तो निवाडा मात्रेवरून, वापरावरून, हवामानावरून आणि कोणाच्या त्वचेवर किती दिवस माल राहतो यावरून व्हायला हवा. आणि त्यासाठी लागणारे आकडे आज जे आपण वापरतो ते युरोपातल्या माणसाचे आहेत, मुंबईतल्या माणसाचे नाहीत. हा लेख त्या उणिवेबद्दल आहे.

आधी परिरक्षके घालतात कशासाठी ते पाहू. क्रीम किंवा लोशन यांत निम्म्याहून अधिक भाग बहुधा पाण्याचा असतो, आणि उरलेल्यात तेल, ग्लिसरीन, वनस्पतींचे अर्क, कधी दुधातली किंवा धान्यातली प्रथिने. जिवाणूंना आणि बुरशीला वाढायला याहून अधिक काही लागत नाही. दिवाळीचे उटणे वर्षभर कपाटात टिकते ते त्यात पाणी नसते म्हणून. आपण लागेल तेवढेच भिजवतो आणि उरलेले वाटीतले टाकून देतो. खोबरेल तेलालाही याच कारणाने परिरक्षकाची फारशी गरज पडत नाही. मात्र कोरडा माल म्हणजे निर्धोक माल असे समजायचे कारण नाही. न्यूझीलंडमध्ये १९४० च्या दशकात टिटॅनसच्या बीजाणूंनी दूषित झालेल्या टाल्कम पावडरमुळे नवजात बालके दगावल्याची नोंद आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात पापण्यांना लावायच्या मस्कारात वाढलेल्या स्यूडोमोनस जिवाणूमुळे बुबुळावर व्रण झाल्याची प्रकरणे नेत्रतज्ज्ञांनी मांडली. बार्सिलोनातल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात पाच रुग्णांना झालेल्या गंभीर संसर्गाचा माग काढत गेल्यावर तो अंगाला लावायच्या मॉइश्चरायझिंग लोशनपाशी पोहोचला; त्यात बुर्खोल्डेरिया सेपेशिया नावाचा जिवाणू वाढत होता. हा अहवाल २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. परिरक्षक नसणे हीसुद्धा एक जोखीम आहे, आणि ती 'मुक्त' या शब्दाच्या छपाईत कुठे दिसत नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. फ्रान्समध्ये १९७२ साली लहान मुलांच्या एका टाल्कम पावडरच्या उत्पादनात चुकून सहा टक्क्यांच्या आसपास हेक्झाक्लोरोफीन मिसळले गेले. हेक्झाक्लोरोफीन जिवाणूनाशक म्हणून त्या काळी साबणांत आणि पावडरीत सर्रास वापरात होते. तान्ह्या मुलांच्या नाजूक, अनेकदा लंगोटाने सोललेल्या त्वचेतून ते शरीरात उतरले आणि मेंदूवर आघात करून गेले. दोनशेहून अधिक मुले आजारी पडली, ३६ दगावली. जंतू मारणारा पदार्थ माणसाच्या पेशींना ओळखून सोडून देईल अशी खात्री कोणी देऊ शकत नाही, म्हणून मात्रेला मर्यादा लागते, आणि ती मर्यादा कशी काढली हे सांगता यावे लागते.

ती कशी काढतात हे एकदा जवळून पाहण्यासारखे आहे, कारण वादात भाग घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते पाहिलेले असते. युरोपीय आयोगाच्या ग्राहक सुरक्षाविषयक वैज्ञानिक समितीने २०१०-११ मध्ये प्रोपिलपॅराबेन आणि ब्युटिलपॅराबेन यांचा विचार केला, तेव्हा मांडलेले गणित असे. माणूस दिवसभरात साबण, शाम्पू, क्रीम, लोशन, लिपस्टिक, दुर्गंधीनाशक असे सगळे मिळून १७.४ ग्रॅम प्रसाधन अंगावर बाळगतो, आणि त्या प्रत्येकात हेच परिरक्षक कमाल मात्रेत आहे असे धरायचे. १७.४ ग्रॅमच्या ०.१९ टक्के म्हणजे सुमारे ३३ मिलिग्रॅम. त्यातले ३.७ टक्के त्वचेतून आत शिरते असे मानले, म्हणजे १.२ मिलिग्रॅम. माणसाचे वजन ६० किलो धरले तर दर किलोमागे ०.०२ मिलिग्रॅम. आता दुसरे टोक: उंदरांच्या पिल्लांना ब्युटिलपॅराबेन त्वचेखाली टोचून केलेल्या अभ्यासात, ज्या मात्रेला काहीही परिणाम दिसला नाही ती होती दर किलोमागे दोन मिलिग्रॅम. दोनाला ०.०२ ने भागले की शंभर येतात. प्राण्यापेक्षा माणूस दहापट हळवा असेल असे धरून दहा, आणि माणसामाणसांत दहापट फरक असेल असे धरून पुन्हा दहा, म्हणून शंभर ही किमान अट. ती ०.१९ टक्क्यांवर जेमतेम पुरी होते, म्हणून मर्यादा तिथे थांबली. कायद्यात तोच आकडा आम्लाच्या वजनात मोजून ०.१४ टक्के असा २०१४ मध्ये उतरला.

या गणितात मला दोन गोष्टी भावतात. एक म्हणजे ते शंका घेणाऱ्याच्या बाजूने झुकलेले आहे: सगळी प्रसाधने, सगळीकडे तेच परिरक्षक, कमाल मात्रेत, रोज. दुसरी म्हणजे त्यातला प्रत्येक आकडा उघडा आहे. ३.७ टक्के शोषण तुम्हाला कमी वाटते? मग दहा घाला आणि पाहा. ज्याला वाद घालायचा आहे त्याला वादाची जागा कुठे आहे हे दिसते. 'पॅराबेन घातक आहे' या वाक्यात अशी जागाच नसते.

पॅराबेनविषयीची भीती पसरली ती मुख्यतः २००४ च्या एका इंग्लिश शोधनिबंधामुळे. स्तनाच्या २० गाठींमध्ये पॅराबेनचे अंश सापडल्याचे त्यात नोंदवले होते. शेजारच्या निरोगी ऊतीशी त्याची तुलना केलेली नव्हती, आणि पॅराबेनमुळे गाठी झाल्या असा निष्कर्षही त्यात नव्हता. ब्युटिलपॅराबेन इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखे वागते हे प्रयोगशाळेत दिसलेले आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण त्याचा जोर शरीरातल्या इस्ट्राडिऑलच्या, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेनच्या, दहा हजारांश भागाइतका होता. युरोपने या पुराव्याला शोभेल असाच निर्णय घेतला. ज्यांच्याबद्दल उत्पादकांनी पुरेशी माहितीच दिली नाही ते पाच पॅराबेन २०१४ मध्ये बंद केले, प्रोपिल आणि ब्युटिल यांची मात्रा उतरवली, तीन वर्षांखालील मुलांच्या लंगोटाखालच्या, न धुतल्या जाणाऱ्या मालात त्यांना मनाई केली, आणि मिथिल व इथिल यांना पूर्वीच्याच मर्यादेत राहू दिले. ही वर्गवारी बातम्यांतून मुंबईपर्यंत पोहोचेतो 'युरोपने पॅराबेनवर बंदी घातली' एवढीच उरली.

मग पॅराबेन काढून टाकणाऱ्यांनी त्यांच्या जागी काय घातले? इथे मी थोडा थांबणार आहे, कारण या विषयातला सर्वांत महाग पडलेला धडा इथे आहे. मिथिलआयसोथायझोलिनोन हा पदार्थ आधीपासून एका मिश्रणाचा भाग म्हणून वापरात होता. त्या मिश्रणाची मर्यादा होती दशलक्ष भागांत १५, आणि त्यात या पदार्थाचा वाटा फक्त एक चतुर्थांश, म्हणजे चारालाही थोडा कमी. मिश्रणातला दुसरा घटक अधिक ॲलर्जीकारक मानला जात होता, म्हणून तो वगळून हा एकटा वापरला तर चालेल असे ठरले, आणि २००५ मध्ये त्याला दशलक्षांत १०० भागांपर्यंत परवानगी मिळाली. पंचवीसपटीहून मोठी उडी. पॅराबेनला पर्याय शोधणाऱ्या कंपन्यांनी तो ओल्या रुमालांत, क्रीमांत, लोशनांत उचलला. काही वर्षांतच युरोपातल्या त्वचारोग चिकित्सालयांत चेहऱ्यावर, पापण्यांवर आणि बाळे पुसणाऱ्या आयांच्या हातांवर चट्टे दिसू लागले. काही केंद्रांत पॅच टेस्ट (संशयित पदार्थ पट्टीने त्वचेवर लावून ॲलर्जी पाहण्याची चाचणी) केलेल्या रुग्णांमध्ये हे प्रमाण दहा टक्क्यांच्या घरात गेले. अमेरिकेतल्या कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०१३ साठी त्याला वर्षाचा ॲलर्जीकारक पदार्थ म्हणून निवडले. अंगावर राहणाऱ्या मालातून तो युरोपने २०१७ पासून हद्दपार केला आणि धुऊन टाकायच्या मालात १५ वर आणून ठेवला. पण एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा जन्माची. हाच पदार्थ भिंतींच्या रंगांतही असतो, त्यामुळे अशा माणसाला नव्याने रंगवलेल्या खोलीत नुसते बसूनही चेहऱ्यावर पुरळ येऊ शकते.

त्याच सोसायटीने २०१९ साठी पॅराबेनची निवड केली, ती मात्र 'ॲलर्जी न करणारा पदार्थ' म्हणून. इतक्या वर्षांच्या वापरानंतरही ॲलर्जीच्या बाबतीत त्यांच्याइतका सौम्य परिरक्षकांचा गट क्वचितच आहे, हे लोकांना आठवून द्यावे असा तो निर्णय होता. आगीतून फुफाट्यात पडणे म्हणतात ते याला.

यावर कोणी म्हणेल, ही रसायने नकोतच, नैसर्गिक पर्याय वापरा. कडुनिंब, हळद, टी ट्री तेल यांना जंतुनाशक गुण आहेत हे खरे. परंतु बरणीतल्या पाच प्रकारच्या सूक्ष्मजीवांना दोन वर्षे रोखून धरण्याएवढी मात्रा घातली तर त्वचेवर काय होईल, हे त्याच काटेकोरपणे तपासायला नको का? द्राक्षफळाच्या बियांचा अर्क हा एके काळी नैसर्गिक परिरक्षक म्हणून फार गाजला. जर्मनीत १९९९ मध्ये बाजारातले सहा अर्क तपासले गेले. त्यांतल्या पाचांत जंतुनाशक शक्ती होती आणि त्या पाचांतही बेंझेथोनियम क्लोराइड हे कृत्रिम जंतुनाशक सापडले. ज्या एकात कोणतेही कृत्रिम परिरक्षक नव्हते, त्यात शक्तीही नव्हती. आजच्या 'प्रिझर्व्हेटिव्ह-मुक्त' मालाची युक्ती अधिक सभ्य आहे. कॅप्रिलिल ग्लायकॉल, १,२-हेक्झेनडायोल, इथिलहेक्झिलग्लिसरीन असे घटक त्वचा मऊ करतात आणि जाता जाता जंतूंनाही आवरतात. कायद्याच्या यादीत त्यांचे नाव परिरक्षक म्हणून नसल्यामुळे वेष्टनावर 'मुक्त' छापायला मोकळीक मिळते. हे घटक वाईट आहेत असे मी म्हणत नाही. त्यांच्यावरचा अभ्यास पॅराबेनइतका जुना आणि खोल नाही, आणि प्राण्यांवरील चाचण्या युरोपात २०१३ पासून आणि आपल्याकडे २०१४ पासून बंद झाल्यामुळे, जे योग्यच झाले, तो तसा होणारही नाही. नव्या पदार्थाबद्दल माहिती कमी असताना त्याला जुन्यापेक्षा सुरक्षित म्हणणे हा उलटा न्याय झाला.

आता मुंबईकडे येऊ. वरच्या गणितातले ६० किलो हे युरोपने धरलेले वजन आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार भारतीय स्त्रीचे संदर्भ-वजन ५५ किलो आहे. तेवढा एकच आकडा बदलला तरी शंभराचे अंतर नव्वदवर येते. याने आभाळ कोसळत नाही, कारण बाकीचे अंदाज सढळ आहेत. परंतु १७.४ ग्रॅम हाही आकडा तिकडचाच, आणि तो इथे अधिक आहे की उणा हे वजनाइतके सरळ सांगता येत नाही. आपल्याकडे अंगाला लोशन हिवाळ्यातच लागते, पण पावडर, काजळ, टिकलीचा गोंद, दोन वेळच्या आंघोळीचा साबण, कपाळाचे कुंकू, आणि उकाड्यात दिवसातून चार वेळा लावले जाणारे फेसवॉश यांचा हिशेब त्या यादीत नीटसा बसत नाही. गोऱ्या रंगाच्या हव्यासापोटी रात्रभर चेहऱ्यावर राहणारी क्रीमे तर वेगळेच प्रकरण.

त्याहून मोठा प्रश्न परिरक्षक पुरेसे आहे की नाही, याच्या चाचणीचा. ही चाचणी आयएसओ ११९३० या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार होते. तयार मालात स्यूडोमोनस, स्टॅफिलोकॉकस, ई. कोलाय हे तीन जिवाणू, कँडिडा हे किण्व आणि ॲस्परजिलस ही बुरशी वेगवेगळी सोडतात, दर ग्रॅममध्ये जिवाणू एक लाख ते दहा लाख आणि किण्व व बुरशी दहा हजार ते एक लाख या हिशेबाने, आणि सात, चौदा, अठ्ठावीस दिवसांनी किती उरले ते मोजतात. सात दिवसांत जिवाणू हजारांश व्हायला हवेत आणि पुन्हा वाढता कामा नयेत. चाचणी उत्तम आहे. पण तीत जंतू एकदाच सोडतात, आणि माल ठेवतात २० ते २५ अंश सेल्सिअसमध्ये. मुंबईत मे महिन्यात दुपारी पारा ३३-३४ वर असतो आणि जुलैत हवेतली सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर. उष्णतेत जंतू भराभर वाढतात तसे परिरक्षकही अधिक जोमाने काम करते, म्हणून आपल्याकडे निकाल वाईटच लागेल असे आधीच सांगता येत नाही. चाचणी करूनच पाहावे लागेल, आणि माझी तक्रार तीच आहे की ते पाहण्याची सक्ती कोणावर नाही.

एकदाच सोडलेल्या जंतूंचे म्हणाल तर एखाद्या गल्लीतल्या पार्लरमध्ये जाऊन बसावे. मसाज क्रीमची किलोची बरणी. झाकण सकाळी निघते ते रात्रीच लागते. बोटे वाटीतल्या पाण्यात बुडवून बरणीत जातात, चेहऱ्यावर फिरतात, पुन्हा बरणीत. क्रीम घट्ट झाले की त्यात दोन चमचे पाणी. बरणी तळाला गेली की नवी पिशवी जुन्या बरणीतच रिकामी होते, ती धुतली जात नाही. एसी बंद झाला की बरणीच्या आतल्या बाजूला बाष्प धरते आणि थेंब क्रीमवर पडतात; त्या थेंबांत परिरक्षक जवळपास नसते आणि बुरशी पहिल्यांदा तिथेच उगवते. पार्लर चालवणाऱ्या बाईंचा यात दोष काढायचा नाही. बरणीवर 'बोटे घालू नयेत, पाणी मिसळू नये' असे मराठीत किंवा हिंदीत लिहिलेले मी तरी पाहिलेले नाही. घरातही हेच. शाम्पू संपत आला की बाटलीत नळाचे पाणी घालून ती हलवून आठवडाभर पुरवणे हा मध्यमवर्गीय काटकसरीचा भाग आहे. निम्मे पाणी घातले की परिरक्षक निम्मे होते, आणि ज्या मर्यादेखाली ते जंतूंना रोखू शकत नाही ती ओलांडायला बहुधा तेवढे पुरते. सूक्ष्मजीवांच्या दृष्टीने पाहिले तर लोकलच्या महिला डब्यात विकली जाणारी, एकदाच वापरून फेकायची एक-दोन रुपयांची शाम्पूची पुडी मोठ्या बाटलीपेक्षा बिनधोक ठरेल. नाल्यांत तुंबणाऱ्या प्लास्टिकच्या दृष्टीने ती काय आहे, ते इथे नको.

कायदा काय म्हणतो? औषधे व प्रसाधने कायदा १९४० चा, आणि त्याखालची प्रसाधनांची स्वतंत्र नियमावली डिसेंबर २०२० ची. कोणता पदार्थ किती घालता येईल यासाठी ती भारतीय मानक ४७०७ कडे बोट दाखवते, आणि त्या मानकातली परिरक्षकांची यादी बऱ्याच अंशी युरोपच्या यादीवर बेतलेली आहे. यादी उसनी घेण्यात गैर काही नाही. गैर आहे ते यादी घेऊन तिच्यामागचा हिशेब न घेणे, आणि युरोपात यादी बदलली की आपली केव्हा बदलायची हे वाऱ्यावर सोडणे. पाऱ्याचे उदाहरण पाहा. डोळ्यांच्या प्रसाधनांत परिरक्षक म्हणून पाऱ्याची संयुगे जुन्या काळापासून चालत आली, आणि आपल्या २०२० च्या नियमांतही डोळ्यांभोवतीच्या मालाला दशलक्षांत ७० भागांपर्यंत मुभा राहिली. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी २०२३ च्या जिनिव्हा बैठकीत पारा घातलेली सगळीच प्रसाधने २०२५ पर्यंत संपवायचे ठरवले. आज पाऱ्याला चांगले पर्याय असताना काजळाच्या डबीसाठी ही मुभा कशाला लागते, याचे समाधानकारक उत्तर मला सापडत नाही. परिरक्षकांच्या बाजूने एवढे लिहूनही या एकावर बंदी हवी असे मी म्हणतो, कारण इथे हिशेबच बंदीच्या बाजूने जातो: शरीरात साठणारा धातू, डोळ्याजवळची पातळ त्वचा आणि हाताशी असलेला पर्याय.

वेष्टनाचेही तसेच. एक टक्क्याहून कमी असलेले घटक कोणत्याही क्रमाने लिहायला नियमांची हरकत नाही, आणि परिरक्षके जवळपास सगळी त्याच टप्प्यात येतात, म्हणून यादी वाचून मात्रा कळत नाही. युरोपात ३० महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या मालावर, उघडल्यानंतर किती महिने वापरावा हे उघड्या डबीच्या चिन्हाने छापावे लागते. आपल्याकडे वापराची अंतिम तारीख असते, ती बंद डबीची. मुंबईच्या हवेत उघडलेली डबी आणि बंद डबी यांत जो फरक पडतो तो ती तारीख सांगत नाही.

राज्याचे अन्न व औषध प्रशासन वांद्रे-कुर्ला संकुलात बसते, परवाने तेच देते आणि नमुने तेच उचलते. त्याच्या कामाची पद्धत मुलुंडच्या प्रकरणात सर्वांनी पाहिली. जॉन्सन अँड जॉन्सनच्या तिथल्या कारखान्याचा परवाना सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द झाला, कारण बेबी पावडरचा नमुना आम्लता-क्षारतेच्या कसोटीला उतरला नाही. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश अवाजवी ठरवून रद्द केला. नमुना घेतल्यापासून आदेश निघेपर्यंत काही वर्षे गेली होती. कोण बरोबर, कोण चूक हा निवाडा न्यायालयाने केलाच आहे. मला त्यात दिसते ते एवढेच की आपल्या यंत्रणेकडे दोनच अवजारे आहेत, एक नमुना आणि एक परवाना. मधले काही नाही. माल बाजारात गेल्यावर तो कोणाला बाधतो, कुठल्या घटकामुळे, किती जणांना, हे कळण्याची वाट तिच्याकडे नाही. मिथिलआयसोथायझोलिनोनचे संकट युरोपात उघडकीस आले ते कारखान्यातल्या नमुन्यांमुळे नव्हे. त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्टचे निकाल वर्षानुवर्षे एका ठिकाणी जमा करत होते, म्हणून चढता आलेख दिसला. अमेरिकेनेही २०२२ च्या कायद्याने गंभीर दुष्परिणाम पंधरा कामकाजी दिवसांत कळवणे उत्पादकांना बंधनकारक केले. आपल्या २०२० च्या नियमावलीत अशी सक्ती नाही.

छोट्या उत्पादकांचा आक्षेप मी ऐकून आहे. वसईच्या किंवा भिवंडीच्या गाळ्यात दहा माणसांना घेऊन क्रीम बनवणाऱ्याला अठ्ठावीस दिवसांची चाचणी, तीही दोन तापमानांना, परवडणार कशी? आक्षेप खोटा नाही. पण त्याचा अर्थ चाचणी सोडून द्यावी असा होत नाही. मुंबई आणि परिसरात औषधनिर्माणशास्त्राची आणि सूक्ष्मजीवशास्त्राची इतकी महाविद्यालये आहेत, त्यांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी विषय हवेच असतात. प्रशासनाने त्यांच्या प्रयोगशाळांना मान्यता देऊन माफक दरात हे काम सोपवले तर गाळेवाल्याचीही सोय होते. ३० आणि ३५ अंशांना, आठवड्यातून दोनदा जंतू सोडून, पाणी घालून पातळ केलेल्या मालावर अशा चाचण्या झाल्या, तर त्या निकालांना मुंबईइतकेच कोलकाता आणि चेन्नईतही मोल येईल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: शंका असेल तिथे जोखीम घेऊच नये. तान्ह्या मुलांच्या बाबतीत मला तो मान्य आहे, आणि लंगोटाखालच्या भागाबद्दल युरोपने घातलेली मनाई इथेही तशीच असावी. मात्र 'जोखीम घेऊ नये' म्हणणाऱ्याने दोन्ही बाजूंची जोखीम मोजली पाहिजे. एका परिरक्षकाला नकार देताना आपण कशाला होकार देतो आहोत, हे न सांगता दिलेल्या नकाराला सावधगिरी म्हणता येत नाही.

सुरुवात फार खर्चाची नाही. सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांच्या त्वचारोग विभागांत प्रसाधनांमुळे पुरळ आलेले रुग्ण रोज येतात. पॅच टेस्ट लावल्यावर दोन दिवसांनी आणि चार दिवसांनी ती वाचतात, निकाल रुग्णाच्या कागदावर जातो आणि कागद रुग्णाबरोबर घरी जातो. त्याची एक प्रत नाव-पत्ता वगळून प्रशासनाकडे जायला हवी. तीत मालाचा बॅच क्रमांक हवा, घटकांच्या यादीचा फोटो हवा, डबी उघडून किती महिने झाले ते हवे, डबी घरची की पार्लरची ते हवे, आणि आज कोणीच विचारत नाही असा एक प्रश्न हवा: त्यात पाणी घातले होते का.